रक्त मोजून ट्रेलर कळत नाही

गुन्हेगारीवरच्या सिनेमाचा ट्रेलर आला की आपल्याकडे दोन दिवसांत दोन फळ्या उभ्या राहतात. एक फळी म्हणते, बघा, पुन्हा कोयते, पुन्हा शिव्या, पुन्हा भाईगिरीचं उदात्तीकरण. पोरं बिघडतात ती यानेच. दुसरी म्हणते, अहो, समाजात जे आहे तेच दाखवलंय, आणि आधी पूर्ण सिनेमा बघा, मग बोला. पुण्यात २०२२ च्या अखेरीपासून कोयता गँगच्या बातम्या वाढल्या आणि हे भांडण बारमाही झालं. टीव्हीवर एक निवृत्त पोलीस अधिकारी, एक दिग्दर्शक, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक पक्षप्रवक्ता बसवला की तासाभराची सोय होते. चौघंही तावातावाने बोलतात. पण ज्या दोन-अडीच मिनिटांवरून हे सगळं चाललंय, ती नीट बघितल्याची खूण एकाच्याही बोलण्यात सापडत नाही. गोळ्या किती सुटल्या, शिव्या किती आल्या, रक्त किती सांडलं याचा हिशेब चोख असतो. उजेड कुठून येत होता, कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा होता, कुठल्या चेहऱ्यानंतर कुठला चेहरा आला, यावर अवाक्षर नाही.

माझं म्हणणं असं, की गुन्हेपटाच्या ट्रेलरचा अर्थ त्यात काय दाखवलंय यावरून फार थोडा ठरतो; कसं दाखवलंय यावरून जवळजवळ सगळा ठरतो. त्यामुळे उदात्तीकरणाचा आरोप करणारे चुकीच्या जागी बोट ठेवतात आणि तो आरोप झटकणारे त्याच चुकीचा फायदा घेऊन सहज निसटतात. दुसरी गोष्ट, ट्रेलर ही सिनेमाची वानगी नव्हे. ती वेगळ्या माणसांनी, वेगळ्या हेतूने जुळवलेली वेगळी कृती आहे आणि तिचा जाबही वेगळाच विचारला पाहिजे. कोटी-कोटी लोकांनी मोबाईलवर बघितलेल्या ट्रेलरचे सिनेमे रिकाम्या थिएटरांत आपटलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या कोट्यवधींसाठी ट्रेलर हाच सिनेमा असतो. पुढचं त्यांनी बघितलेलंच नसतं.

ट्रेलर वेगळी कृती कशी, याचा पुरावा सिनेमाच्या बालपणापासूनच आहे. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी एक प्रयोग केला. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून एकदा सूपचं ताट, एकदा शवपेटी. लोकांना एकदा त्या चेहऱ्यावर भूक दिसली, एकदा दुःख. नटाने काहीच केलं नव्हतं, जे केलं ते जोडाने केलं. आणखी अलीकडचं उदाहरण २००५ चं. न्यूयॉर्कमधल्या एका साहाय्यक संकलकाने स्पर्धेसाठी ‘द शायनिंग’ या भयपटातलीच दृश्यं उचलली, वर गोडसा निवेदक आणि प्रसन्न गाणं चढवलं आणि बाप-लेकाच्या जिव्हाळ्याचा कौटुंबिक सिनेमा वाटावा असा ट्रेलर बनवला. नवा शॉट एकही घेतला नव्हता. कुऱ्हाड घेऊन मुलाबायकोच्या मागे लागणारा माणूस प्रेमळ बाबा होऊ शकत असेल, तर जोडाच्या जोरावर काय होऊ शकत नाही?

आता हेच आपल्याकडच्या कुठल्याही सरधोपट गुन्हेपटाच्या ट्रेलरला लावून बघा. एक माणूस जिना उतरतोय. कॅमेरा खाली, जवळजवळ पायरीला टेकवलेला, त्यामुळे बूट चेहऱ्याएवढे मोठे. पाठीमागे खिडकी, म्हणून चेहरा काळा आणि खांद्यांच्या कडा लखलखीत. गती संथ. कट. गल्लीभर माणसं, सगळ्यांचे हात वर. कट. काळा पडदा, त्यावर ढोलाचा एकच ठोका. कट. तोच चेहरा, या वेळी अगदी जवळून, ओठांच्या कोपऱ्यात हसू. सहा-सात सेकंदांचा ऐवज. यात ना गोळी आहे, ना शिवी, ना रक्ताचा थेंब. सिनेमात ती गर्दी कदाचित गणपती विसर्जनाची असेल आणि तो जिना कदाचित पोलीस चौकीचा. ट्रेलरमध्ये मात्र ती गर्दी त्याच्यासाठी हात वर करते. सिनेमात कुठेच नसलेलं वाक्य इथे दोन कटांत तयार झालं: हा माणूस येतो तेव्हा गाव उठून उभं राहतं. शिव्या मोजणाऱ्याच्या वहीत या सहा सेकंदांची नोंद शून्य. माझ्या मते पूर्ण ट्रेलरमधली सगळ्यात मोठी नोंद हीच.

उजेडाचा मुद्दा जरा सविस्तर घेतो, कारण तिथे विरोधी बाजू खरोखर भक्कम आहे. ते म्हणतात, काळोख ही गुन्हेपटाची मातृभाषा आहे. ती काढून घेतलीत तर उरेल काय? बरोबर आहे. १९४० च्या दशकातल्या अमेरिकी गुन्हेपटांची ती काळीपांढरी दुनिया उभी करण्यात जर्मनी-ऑस्ट्रियातून परागंदा झालेल्या दिग्दर्शकांचा आणि छायाचित्रकारांचा मोठा वाटा होता. बर्लिनमध्ये उमेदवारी केलेल्या बिली वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये (१९४४) जॉन साइट्झच्या कॅमेऱ्याने खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसांच्या अंगावर टाकल्या, आणि त्या इतक्या बेमालूम गजांसारख्या दिसल्या की खून व्हायच्या आधीच खुनी तुरुंगात जाऊन बसला. तीच सावली पुढे मुंबईला आली. गुरुदत्तचा ‘बाजी’ १९५१ चा. त्याच्याच संस्थेचा ‘सी. आय. डी.’ १९५६ चा, त्यात व्ही. के. मूर्तींचं छायाचित्रण. रात्रीचं मुंबई शहर आपल्याला पहिल्यांदा धड दिसलं ते या लोकांच्या डोळ्यांनी. या परंपरेवर कुणी नीतीचा बोळा फिरवायला निघालं तर मी त्याच्या आडवा येईन.

पण त्या सावल्या करत काय होत्या? त्या माणसावर आरोप ठेवत होत्या. कायद्याच्या आधी उजेडाने निकाल दिलेला असायचा आणि बघणाऱ्याला तो अंगावर जाणवायचा. ‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) छायाचित्रकार गॉर्डन विलिसने दिवे माथ्यावर घेतले. एक कारण मार्लन ब्रँडोच्या रंगभूषेचं होतं, पण परिणाम असा झाला की त्याच्या भुवयांखाली खोबणी काळ्या पडल्या, डोळेच दिसेनात. त्या माणसाच्या मनात काय चाललंय हे कळायची वाट बंद झाली, आणि तीच त्या सिनेमातली खरी भीती होती. आज तोच माथ्यावरचा दिवा प्रत्येक भाईच्या डोक्यावर आहे. डीआयमध्ये, म्हणजे संगणकावरच्या रंगसंस्कारात, रंग बसवताना काळ्या जागा आणखी दाट केल्या जातात, गालाची कड उजळली जाते, सिगारेटचा धूर मागून उजेड घेऊन सोनेरी होतो. या उजेडात भीती उरलेली नाही, वजन आलंय. जो काळोख आरोपपत्र म्हणून जन्माला आला तो इथे सत्काराची शाल झालाय. दोन्हीकडे पडदा सारखाच काळा. म्हणून नुसतं ‘डार्क आहे’ म्हणणारा समीक्षक मला काहीच सांगत नाही, मग तो कौतुकाने म्हणो की तक्रारीने.

रंगाचं तर याहून वाईट आहे. स्टीव्हन सोडरबर्गने ‘ट्रॅफिक’मध्ये (२०००) मेक्सिकोची दृश्यं तंबाखूच्या पाण्यासारख्या पिवळ्या रंगात आणि अमेरिकेतल्या ओहायोची थंड निळ्या रंगात ठेवली. तीन कथानकांत प्रेक्षक हरवू नये ही सोय त्यात होती, मान्य. पण ती सोय पुढे सवय झाली: जिथे कायदा चालत नाही तो प्रदेश पिवळा. आपल्याकडे उत्तर प्रदेश-बिहारच्या वाट्याला मातकट तपकिरी आला आणि आता मराठवाड्याचा नंबर लागलाय. बीड म्हटलं की धूळ, करपलेलं माळरान, वर पांढरट आभाळ आणि खालून जाणारी जीप. ज्यांनी पाऊस लागल्यावर मांजरसुंब्याजवळचा कपिलधारचा धबधबा बघितलाय त्यांना हा रंग कुठून आणला असा प्रश्न पडेल. ट्रेलरमध्ये ड्रोन वर जातो, खाली तो तपकिरी विस्तार पसरतो, आणि एकही माणूस दिसायच्या आत एक विधान होऊन जातं: इथली माणसं अशीच. एका गुंडाच्या उदात्तीकरणावर रात्रभर चर्चा करणारे एका अख्ख्या जिल्ह्याच्या या बदनामीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, कारण त्यात रक्त नसतं.

आता माझ्या विरोधातला सगळ्यात बळकट मुद्दा. ट्रेलर बघून कुणी गुन्हेगार होत नाही. गुन्हेगारीची कारणं जमिनीत, बेकारीत, राजकारणाच्या आश्रयात असतात. हे मी वादासाठी नाही, मनापासून मान्य करतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांची नोकरी परत आली नाही. त्यानंतरच्या वर्षांत लालबाग-परळ-भायखळ्याच्या चाळींतली पोरं टोळ्यांकडे वळली ती कुठला ट्रेलर बघून? तेव्हा गल्लीत टीव्ही असला तर एखाद्याच्या घरी असायचा. ज्या पक्षांनी, मालकांनी आणि बिल्डरांनी त्या पोरांचा वापर केला त्यांच्यावरचं लक्ष हटवायला सिनेमाला झोडपणं फार सोयीचं असतं, आणि टीव्हीवरच्या चर्चेतला तो प्रवक्ता नेमकं तेच करत असतो. तेव्हा ‘पोरं बिघडतात ती यानेच’ हे वाक्य मी तरी सही करून देणार नाही.

पण गुन्हेगार बनवणं एवढी एकच गोष्ट चित्र करू शकतं का? गिरणीचा संप, जमिनीची विक्री, घरातला कर्जबाजारी बाप, हे सगळं गुन्हेगारीचं कारण आहे असं दिग्दर्शक मुलाखतीत सांगतात आणि त्यांच्या सिनेमात ते खरंच असतं. मग ट्रेलरमध्ये त्या बापाच्या वाट्याला किती सेकंद येतात? आणि कसे येतात? बहुधा दीड सेकंद, बाजूने, कुडाच्या दारात बसलेला, संपूर्ण चौकटीच्या एका कोपऱ्यात. मुलगा मात्र मधोमध, खालून, संथ. कुणाचा चेहरा बघण्याजोगा आहे आणि कुणाचा नाही, हे ट्रेलर ठरवतो. बघणारा त्यातून कोयता उचलायला शिकत नसेल, पण कुणाकडे बघायचं हे नक्की शिकतो. आणि शिकणारा केवळ झोपडपट्टीतला पोरगा नसतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘काय कडक ट्रेलर आहे’ म्हणून पुढे ढकलणारा तुमच्या-माझ्यासारखा पगारदारही असतो.

प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या वादात हटकून निघतो. पुण्याच्या कडेची जमीन गेली, जमीनमालक दुसऱ्याच्या दारात राबायला लागला आणि त्याचा पोरगा टोळीत शिरला, अशी ती गोष्ट. तो सिनेमा गुंडगिरीची जाहिरात आहे असं म्हणणाऱ्यांनी तो बघितलेला नाही असं मला वाटतं. जमिनीचं दुःख त्यात ठासून भरलंय. तीच गोष्ट पुढे महेश मांजरेकरांनी ‘अंतिम’ (२०२१) म्हणून हिंदीत केली. त्याची पहिली झलक डिसेंबर २०२० मध्ये बाहेर आली तेव्हा तिच्यात जमीन हा विषयच नव्हता. पोलीस झालेला सलमान खान, गुंड झालेला आयुष शर्मा, एकमेकांवर तुटून पडलेले, संथ गतीत. एका शेतकरी कुटुंबाच्या वाताहतीची गोष्ट होती, झलकेत ती दोन शरीरांच्या मापाची गोष्ट झाली. यात खोटं काहीच नाही, ती मारामारी त्यांनी केलीच असणार. पण कारण बाहेर ठेवलं आणि ताकद आत घेतली की गोष्ट बदलते.

आणि इथे मला या धंद्यातल्या एका नियमाबद्दल बोलायचंय, ज्याचा या वादात कुणीच उल्लेख करत नाही. शेवट फोडायचा नाही. अत्यंत रास्त नियम. कोणताही प्रेक्षक त्याच्याच बाजूने उभा राहील. पण गुन्हेपटाच्या बाबतीत त्याचा परिणाम बघा. गुन्हेपटाचा साचा साधारण असा: माणूस वर चढतो, मग कोसळतो. शेवट लपवायचा म्हणजे कोसळणं लपवायचं. जे उरतं ते फक्त चढणं. दिग्दर्शक कितीही सज्जन असो, सिनेमा कितीही कठोर असो, ट्रेलर कापणाऱ्याच्या टेबलावर त्यातला परिणाम हा ‘स्पॉयलर’ होतो आणि रुबाब हा ‘हायलाइट’. गुन्ह्याचा आनंद फुकट, गुन्ह्याची किंमत तिकीट काढून. कुणीही कट रचून हे केलेलं नाही, म्हणूनच ते इतकं पक्कं बसलंय. उदात्तीकरण शोधायला शिव्या ऐकत बसण्याची गरज नाही. ते या एका नियमात आपोआप होऊन जातं.

हॉलिवूडला हा पेच फार आधी पडला होता, फक्त उलट्या बाजूने. तिथल्या निर्मात्यांनी १९३० मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून ती कडकपणे लागू केली. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला जाता कामा नये, असं तिचं म्हणणं. त्याच सुमारास हॉवर्ड हॉक्सच्या ‘स्कारफेस’ने (१९३२) काय काय सोसलं बघा. नावाला ‘राष्ट्राचा कलंक’ अशा अर्थाचं शेपूट जोडावं लागलं, सुरुवातीला सरकारला आणि जनतेला जाब विचारणारा मजकूर टाकावा लागला, आणि नायकाला रीतसर फासावर लटकवणारा पर्यायी शेवटही चित्रित करावा लागला. सगळा जोर शेवटावर आणि शब्दांवर. चित्रांकडे बघायला कुणाला सवड होती? हॉक्सने तर त्या सिनेमात माणूस मरायच्या वेळी चौकटीत कुठेतरी फुलीचं चिन्ह लपवून ठेवलंय. कधी सावलीत, कधी छताच्या तुळयांत. मरणाबद्दल तो सिनेमा जे बोलतो ते या फुल्यांतून बोलतो, त्या चिकटवलेल्या उपदेशातून नाही. पुढची वीस वर्षं तिथल्या निर्मात्यांनी शेवटच्या रिळात गुन्हेगाराला मारून संहितेचं देणं फेडलं आणि आधीच्या सगळ्या रिळांत मजा करून घेतली. आपल्या ट्रेलरला ते शेवटचं रीळसुद्धा नाही.

‘सत्या’चं (१९९८) उदाहरण इथे टाळता येत नाही. त्यातला टोळीचा म्होरक्या भिकू म्हात्रे मरतो कसा? राजकारणी भाऊ ठाकुरदास जवळेच्या घरी, गप्पांच्या ओघात, अचानक डोक्यात गोळी. संथ गती नाही, शेवटचं भाषण नाही. रामगोपाल वर्माने त्या माणसाचं मरण जितकं क्षुद्र करता येईल तितकं केलंय, आणि माझ्या मते आपल्या सिनेमातल्या सर्वांत नैतिक कटांपैकी तो एक आहे. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनंतर लोकांच्या मोबाईलवर काय जिवंत आहे? समुद्राकाठच्या खडकावर उभं राहून, हात पसरून शहराला विचारलेला तो प्रश्न, ‘मुंबई का किंग कौन?’ दिग्दर्शकाने दोन्ही घडवलं होतं. तुकडे पाडणाऱ्या यंत्राने एकच ठेवलं. ट्रेलर हे त्या यंत्राचं पहिलं चाक, मग पंधरा सेकंदांचं रील, मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची पोज.

‘पूर्ण सिनेमा बघा’ म्हणणाऱ्यांना आता कायद्यानेही एक गमतीशीर जोड मिळालीय. औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ‘फॅन’ या सिनेमाच्या प्रोमोतलं गाणं बघून घरच्यांसह तिकिटं काढली. गाणं सिनेमात नव्हतंच. त्या ग्राहक मंचात गेल्या, राज्य आयोगाने त्यांना भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती कायम ठेवली, आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. प्रोमो म्हणजे ग्राहकाला दिलेलं वचन नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. कायदा म्हणून मला हा निकाल पटतो. नाहीतर प्रत्येक ट्रेलरमागे वकील ठेवावा लागेल. पण त्यातून निघणारा अर्थ निर्मात्यांना वाटतो तितका सोयीचा नाही. ट्रेलर जर सिनेमाचं वचन नसेल, सिनेमाशी त्याचा करार नसेल, तर ट्रेलरवर टीका झाली की सिनेमाच्या आडोशाला कसं जाता येईल? वेगळा आहे ना? मग वेगळा उभा राहा.

इथे माझ्याच बाजूचे काही मित्र उत्साहाने म्हणतील, तर मग सेन्सॉरने ट्रेलर कडक तपासावेत. अजिबात नको. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला प्रमाणपत्र लागतंच, यूट्यूबवरच्याला लागत नाही. म्हणजे जिथे सगळे बघतात तिथे मंडळ नाही. पण ते असतं तरी काय कापलं असतं? शिवी म्यूट झाली असती, रक्त धूसर झालं असतं. पायरीला टेकवलेला कॅमेरा कोणती कात्री कापणार? तपकिरी रंगावर कोणतं कलम लावणार?

सत्तेला चित्रं वाचता येत नाहीत असं मात्र नाही, आणि तो इतिहास आपल्याच घरचा आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. पौराणिक गोष्ट, इंग्रजांचं नाव कुठेच नाही. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे पिटातल्या माणसालाही समजत होतं, आणि सरकारलाही समजलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. दहा वर्षांनी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी त्याच कथेवर ‘सैरंध्री’ (१९२०) हा मूकपट काढला. त्यातला भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका जिवंत उतरला की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य कापावं लागलं. एकच कीचक, दोनदा मारला गेला. एकदा कात्री अर्थावर चालली, एकदा रक्तावर. पहिला निर्णय दडपशाहीचा होता, पण करणाऱ्याने नाटक वाचलं होतं. आजचे उदात्तीकरणाचे तक्रारदार दुसऱ्या कात्रीचे वारस आहेत, आणि त्यांच्या हातात पहिली कात्री द्यावी असंही मी म्हणणार नाही. अर्थ वाचायचं काम प्रेक्षकाचं आणि समीक्षकाचं आहे, सरकारचं नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, जो निर्माते खाजगीत कळकळीने मांडतात: हे सगळं ठीक, पण रुबाब दाखवला नाही तर विकायचं काय? याला उत्तर १९६० साली देऊन झालंय. ‘सायको’चा ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात सिनेमातलं जवळजवळ काहीच नाही. स्वतः आल्फ्रेड हिचकॉक, सूट घातलेला, पोट सुटलेला, एखाद्या वाड्याची सैर घडवणाऱ्या गाइडसारखा मोटेलच्या आवारात उभा असतो. लख्ख दिवस. सावल्यांचा खेळ नाही. पार्श्वसंगीतही बराच वेळ खेळकर. तो घरात शिरतो, जिन्यापाशी थांबतो, इथून कोण कसं खाली पडलं हे हातवारे करून सांगायला लागतो आणि मध्येच ते वर्णन नकोसं झाल्यासारखा थांबतो. म्हाताऱ्या बाईच्या खोलीत पलंगावर तिच्या अंगाचा खड्डा अजून आहे म्हणतो. भिंतीवरच्या एका चित्राला फार महत्त्व आहे म्हणतो आणि कारण गिळून टाकतो. मग न्हाणीघर. सगळं पुसून काढलंय आता, असं काहीशा खेदाने सांगतो. मग एकदम पडदा सरकवतो आणि एक बाई किंचाळते. ती किंचाळणारी बाईसुद्धा सिनेमात तिथे मरणारी जॅनेट ली नाही, विग घातलेली त्याच सिनेमातली दुसरी नटी व्हेरा माइल्स आहे.

हा ट्रेलर काय करतो ते बघा. त्यात खुनी नाहीच. त्याच्यासाठी लो अँगल नाही, एन्ट्री नाही, बीट नाही. सगळं लक्ष जागांवर आहे: पायऱ्या, पलंग, फरशी. म्हणजे ज्यांच्यावर काहीतरी घडलं त्यांच्या उरलेल्या खुणांवर. फ्रिट्झ लँगने ‘एम’मध्ये (१९३१) लहान मुलीचा खून असाच दाखवला होता, झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा, बस्स. हिचकॉक ती युक्ती विनोदाच्या सुरात वापरतो आणि विनोदामुळेच अंगावर काटा येतो. शेवट फोडलेला नाही, तरी परिणाम पहिल्या क्षणापासून पडद्यावर आहे. आणि विकलं का? आठ लाख डॉलरच्या आसपास खर्चलेला तो सिनेमा त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा धंदा ठरला. हिचकॉक स्वतःच एक ब्रँड होता, ही सवलत आपल्या नव्या दिग्दर्शकाला नाही, हे कबूल. पण पायऱ्या, पलंग आणि फरशी तर कुणालाही परवडतात.

तेव्हा प्रश्न विचारायचा तर योग्य माणसाला विचारू या. आपल्याकडे मोठ्या सिनेमांचे ट्रेलर बहुतेकदा वेगळे प्रोमो एडिटर किंवा स्वतंत्र कंपन्या कापतात. वाद पेटला की माईक दिग्दर्शकापुढे जातो आणि तो, ‘ट्रेलर मार्केटिंगवाल्यांनी केला’ असं म्हणून मोकळा होतो. मार्केटिंगवाले कुणाला ठाऊकच नसतात. वृत्तपत्रांत सिनेमाला तारे देणाऱ्यांपैकी एकानेही कधी ट्रेलरची कृती म्हणून समीक्षा लिहिल्याचं मला आठवत नाही. छापून येतो तो ‘ट्रेलर रिलीज’ हा प्रसिद्धिपत्रकाचा उतारा. जी गोष्ट सिनेमापेक्षा कितीतरी जास्त लोक बघतात, तिच्या कर्त्याचं नाव तिच्याखाली असावं. पुढच्या वेळी टीव्हीवर चार जण बसवाल तेव्हा त्यातली एक खुर्ची त्याला द्या, आणि त्याला शिव्यांबद्दल काहीही विचारू नका. तो जिन्याचा शॉट आणि हात वर केलेली ती गर्दी, या दोघांना एकमेकांना कुणी आणि का चिकटवलं, एवढंच विचारा.